घाटीतली पायरी बुजवली गेली. सायकलचा ट्रेल किती कठीण असावा?

कातळवाट (शनिवार रात्री)

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळच्या पावसच्या पुढे आमच्या वाडीच्या मागे जो सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, आहे आणि तिथून खाडीकडे उतरणारी जी घाटी आहे ती इथल्या बऱ्याच जणांनी सायकलने केलेली आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वर साडेतीन-चार किलोमीटर उघडा कातळ, मग काजूच्या बागांमधून गडग्यांमधली पाणंद आणि शेवटी दीडेक किलोमीटरची उतरण. त्या उतरणीत मधोमध एक पायरी होती, म्हणजे कोणी घडवलेली नाही, जांभ्याचा थर तुटून आपोआप झालेली, गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढी, आणि पायरी संपते ना संपते तोच डावीकडे वळण आणि वळणावर आंब्याचं मूळ.

ही पायरी उतरायला मला दोन वर्षं लागली. पहिलं वर्ष सायकल खांद्यावर घेऊन उतरायचो, मग घरामागच्या खळ्याच्या कडेवरून सराव केला, आधी वीतभर उंचीवरून, मग थोडं जास्त, मागचा ब्रेक कधी सोडायचा, पोट सीटच्या मागे किती न्यायचं, हात ताठ ठेवायचे नाहीत, हे सगळं अंगात मुरवत गेलो आणि मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी थांबलोच नाही, सरळ उतरलो. खाली येऊन सायकल आडवी टाकून दहा मिनिटं नुसता बसून होतो. आनंद म्हणजे काय ते मला विचारा.

गेल्या रविवारी गेलो तर पायरीच नाही. पाच-सहा चिरे लावून वर मुरूम टाकून उतार केलाय, स्कूटर उतरेल असा. कोणी केलं माहीत नाही, वाईट हेतूने केलं असेल असंही म्हणत नाही, पण मला फार लागलं ते. रस्ता सोपा हवा असेल तर सागरी महामार्ग आहे की. माउंटन बाइक घेऊन आपण जातोच कशाला जर प्रत्येक दगड काढायचा आणि प्रत्येक खड्डा भरायचा? माझं मत असं की ट्रेल आहे तसा ठेवावा, ज्याला जमत नाही त्याने उतरून चालावं, त्यात कमीपणा नाही, मीही वर्षभर चाललो. तुमचं काय म्हणणं?

झावळी

अगदी पटलं. उतरून चालणं हीसुद्धा सायकलिंगमधली एक कला आहे आणि ती सगळ्यांनी शिकायला हवी.

चिपळूणची_सायकल

मी थोडी वेगळी बाजू मांडते. मी दोन पावसाळ्यांपूर्वी सुरुवात केली आणि तुमच्याच या घाटीत पहिल्यांदा आले होते, ग्रुपमधल्या एकाने सांगितलं होतं की सोप्पा ट्रेल आहे, बिनधास्त चल. कातळावर मजा आली, पाणंदीतही ठीक, आणि मग ती पायरी अचानक समोर. वरून येताना दिसतच नाही कारण आधी एक चढाव आहे. मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि हँडलवरून पुढे गेले. कॉलरबोन मोडलं, दीड महिना हात गळ्यात. रेंज नव्हती, सोबतचा मुलगा सड्यावर पळत गेला तेव्हा कुठे १०८ ला फोन लागला आणि तोवर मी तासभर तिथेच पडून.

मला पायरीबद्दल तक्रार नाही. मला कोणी सांगितलं नाही याबद्दल आहे. ज्याला दहा वर्षं झाली त्याला सोप्पा म्हणजे काय हे आठवतच नाही, आणि नवीन माणूस त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

कातळवाट

हे मला खरंच माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं वाचून. तो चढाव आणि मागची पायरी याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, आम्हाला सवयीचं झाल्यामुळे ते आता डोळ्यांना दिसतच नाही.

टेपवाला_इंजिनीअर

सगळे कठीण, सोपा असं म्हणतायत पण मोजमाप कुणीच सांगत नाहीये म्हणून थोडं लिहितो, लांब होईल, माफ करा.

माउंटन बाइकच्या ट्रेलसाठी अमेरिकेतली इम्बा ही संस्था, १९८८ पासूनची, तिने स्कीइंगच्या धर्तीवर खुणा ठरवून दिल्यात. हिरवा गोल, निळा चौकोन, काळा हिरा, दुहेरी काळा हिरा. हिरव्याच्याही खाली एक पांढरा गोल आहे, अगदी लहान मुलांसाठी म्हणा. आणि या खुणा कोणाच्या मनावर नाहीत, वाटेची रुंदी, पृष्ठभाग, सरासरी उतार, जास्तीत जास्त उतार आणि अडथळ्याची उंची असं सगळं बघून ठरतात. आपल्या मापात सांगायचं तर हिरव्यात न चुकवता येणारा अडथळा २ इंचांपर्यंत, म्हणजे तीन बोटं. निळ्यात ८ इंच, म्हणजे वीतभर. काळ्यात १५ इंच, त्यापुढे दुहेरी काळा. रुंदी हिरव्यात ३ फूट तरी हवी, निळ्यात २ फूट, काळ्यात १ फूट चालते.

तुमची पायरी मी मागच्या वर्षी बघितली आहे, २९ इंची सायकल खाली उभी केली तर चाकाच्या आसापर्यंत येते, म्हणजे साडेचौदा इंच धरा. म्हणजे ती काळ्याच्या अगदी टोकाला आहे. आणि उभी असल्यामुळे हळूहळू लोळवत नेलं तर चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) काठावर आपटते, पुढचं चाक किंचित पुढे ढकलूनच सोडावं लागतं. आता विचार करा, वर चार किलोमीटर हिरवा ट्रेल, पाणंद फार तर निळी, आणि मध्येच न सांगता काळा हिरा. चूक इथे आहे असं मला वाटतं. ट्रेल कितीही कठीण असू दे, पण त्याने माणसाला फसवता कामा नये.

बाहेरच्या बाइक पार्कमध्ये एक पद्धत असते, ट्रेलमधला कठीण प्रकार अगदी सुरुवातीला ठेवायचा, गेटसारखा. जो तिथे अडला त्याला तिथेच कळतं की पुढे काय आहे आणि तो मागे फिरतो, अर्ध्या डोंगरात अडकून पडत नाही.

मालवणी_पेडल

मी कुडाळचो. माझा म्हणणा सरळ आसा, देवान दगड जसे घातले तसे रवांदेत. आता सगळ्यांना कळावं म्हणून नीट लिहितो. आमच्याकडे एका उतरणीवर असंच झालं होतं, लोकांना एक मोठा दगड जमेना म्हणून त्याच्या बाजूने जायला लागले, मग ती बाजूची वाट चिखल झाली म्हणून अजून बाजूने, दोन पावसाळ्यांत फूटभराची वाट १२ फूट रुंद झाली आणि कडेची सगळी माती वहाळात. म्हणजे दगड ठेवायचा असेल तरी शेजारून जायची सोय आधीच नीट करून ठेवा, नाहीतर लोक आपली आपण करतात आणि ती सगळ्यात वाईट होते.

टेपवाला_इंजिनीअर

अगदी. आणि ती बाजूची वाट थोडी लांब आणि हळू हवी म्हणजे कठीण वाट घेणाऱ्याला तिचं सार्थक वाटतं.

कातळवाट

बाजूच्या वाटेला माझा विरोध नाही. पण ती करायची म्हणजे मुख्य वाट मोडायची असं नाही ना. मी स्पर्धा बघतो, तिथे तर वर्षागणिक कठीणच होत चाललंय.

दाभोळ_फेरी

स्पर्धेचं उदाहरण निघालंच आहे तर टोकियोचं सांगतो, कारण ते तुमच्या पायरीला अगदी लागू आहे. २०२१ ला झालेल्या त्या ऑलिम्पिकच्या क्रॉस कंट्रीमध्ये मॅथ्यू व्हॅन डर पोल एका ड्रॉपवर, म्हणजे उंच पायरीसारख्या उतरणीवर, जोरात पडला आणि पुढे त्याला रेस सोडावी लागली. सरावाच्या वेळी त्या ड्रॉपला उतरता फळीचा रॅम्प लावलेला होता, रेसच्या दिवशी तो काढला होता आणि याला वाटलं तो असणार. एवढ्या ताकदीच्या माणसाला तो ड्रॉप जमला नसता का? डोळे झाकून जमला असता. डोक्यात एक चित्र होतं आणि समोर दुसरं आलं एवढंच झालं.

आता आमच्या कातळवाटने जाऊन ते चिरे काढून टाकले असं समजा, आणि गेल्या आठवड्यात उतार बघून गेलेला कोणी पोरगा या रविवारी वेगात आला तर? काढायचे असतील तरी आधी सगळ्यांना कळवा.

झावळी

बापरे, हा विचार केलाच नव्हता.

सड्यावरची

मला दोन गोष्टी सांगायच्यात ज्या कोणीच बोलत नाहीये.

एक म्हणजे पाऊस. तुम्ही सगळे काळा निळा करताय ते कोरड्या जांभ्याचं. जर्मन लोकांची एस ० ते एस ५ अशी एक ट्रेलची मोजपट्टी आहे, तिच्यात ओल, अंधार, वेग यांचा हिशोबच नाही, फक्त वाट कशी आहे ते. तिकडे ठीक असेल, इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच कातळावर शेवाळ धरतं की चालताना चप्पल सुटते. मे महिन्यात टायर फाडणारा खरखरीत जांभा ऑगस्टमध्ये साबणासारखा होतो. माझ्यामते आपल्याकडे प्रत्येक ट्रेलला दोन खुणा हव्यात, उन्हाळ्याची एक आणि पावसाळ्याची एक, आणि काही ट्रेल पावसात चक्क बंद.

दुसरी गोष्ट माझ्या जास्त जिव्हाळ्याची. सड्यावर पावसात जे फुलतं, सीतेची आसवं, गेंद, ते सगळं दोन-तीन इंच मातीत उगवतं. त्याच्याखाली दगड. एकदा मागचं चाक लॉक करून स्किड मारली की ती माती खरवडून निघते, आणि परत यायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. आणि कातळशिल्पं! उक्षी, जांभरूण, देवाचे गोठणे, बारसू, कशेळी, ही सगळी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. ज्यांना कुंपण आहे त्यांची मला काळजी नाही. पण अजून कोणी न शोधलेली, मातीखाली अर्धवट झाकलेली किती असतील. रेषा बोटभर खोल असते, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाशिवाय दिसतही नाही. कठीण ट्रेल करायच्या नादात सड्यावर दगड हलवणं, रॅम्प बांधणं, खणणं हे कृपया करू नका. सड्यावर फक्त गुरांच्या रुळलेल्या वाटेने जा. कठीण काय ते खाली घाटीत शोधा.

कातळवाट

सड्यावर आम्ही दगडाला हात लावत नाही, पण स्किड मारतो, हे कबूल. ते थांबवतो आणि ग्रुपमध्येही सांगतो.

खळ्यावरून

नमस्कार. मी इथे नवीन आहे, माझ्या पुतण्याने हा धागा वाचून दाखवला म्हणून लिहिते आहे, टाइप पण तोच करतोय. ते चिरे आम्ही टाकले.

घाटी ही आमची वाट आहे. बाजारात जायला गाडीरस्ता झाला त्याला फार वर्षं नाही झाली, त्याआधी सगळं घाटीनेच, आणि अजूनही काजू, गवताचे भारे, लाकूड घाटीनेच उतरतं. त्या पायरीवर माझ्या सासूबाई गेल्या वर्षी भाऱ्यासकट पडल्या, त्या आता घराबाहेर पडत नाहीत. आणि शिमग्याला पालखी त्याच वाटेने खाली येते. पालखी खांद्यावर असताना पुढच्याचा पाय हातभर खाली गेला की मागच्यांवर सगळा भार येतो, दरवर्षी तिथे सगळ्यांच्या जिवात जीव नसतो. यंदा घराच्या कामातले चिरे उरले होते, वाडीतल्या आठ-दहा बायकांनी ते डोक्यावरून वाहून नेले आणि लावले. पुरुषांनी मुरूम टाकला. पावसात मुरूम वाहून जाणार हे आम्हाला माहीत आहे, परत टाकू.

मुलं सायकली घेऊन येतात ते आम्हाला आवडतं, वाडीत जाग येते. पण वळणावर घंटी वाजवत जा, गुरं बिथरतात.

कातळवाट

काकू, मी काल रात्रीपासून तीन वेळा लिहून खोडलं. माझी चूक झाली. मी त्या वाटेला ट्रेल म्हणत होतो आणि ती कोणाची वाट आहे हा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नाही, दोन वर्षं मी तिथून जातोय आणि डोक्यावर भारा घेतलेल्या बायकांना थांबून वाट देतो एवढ्यावरच मला वाटायचं की मी नीट वागतो. ते चिरे तिथेच राहतील. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

टेपवाला_इंजिनीअर

काकूंचं वाचून एक गोष्ट नव्याने कळली. ट्रेल बांधणाऱ्यांचा एक नियम आहे, वाटेचा उतार हा डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको, नाहीतर पावसाचं पाणी वाट ओलांडून जात नाही, वाटेलाच ओढा समजून तिच्यावरून धावतं आणि माती कापत जातं. आपल्या घाट्या तर सरळ नाकासमोर उतरतात, या नियमाने त्या पहिल्याच पावसात वाहून जायला हव्यात. पण टिकल्या, कारण आपल्या लोकांनी त्यांना दगडांनी बांधून पाखाडी केली. म्हणजे काकूंनी चिरे लावून पायवाट जशी बांधली जाते तशीच बांधली आहे. आपण ते काढले असते तर खालचं वळण दोन पावसाळ्यांत गेलं असतं.

काकू, एकच सुचवतो, मुरमाच्या वरच्या अंगाला एक चिरा जरा तिरका लावा म्हणजे पाणी डावीकडे पऱ्यात, म्हणजे ओहोळात, वळेल आणि मुरूम टिकेल.

खळ्यावरून

पुतण्या म्हणतो कळलं. रविवारी लावतो. आणि तुम्हाला उड्याच मारायच्या असतील तर घाटीच्या उजव्या अंगाला जुनी चिरेखाण आहे, कित्येक वर्षं बंद आहे, तिथून कोणी चालत नाही, पालखी नाही की गुरं नाहीत. ज्यांची आहे ते मुंबईला असतात, भाऊ इथेच आहे.

मालवणी_पेडल

चिरेखाण!! कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही.

टेपवाला_इंजिनीअर

मंडळी, खाण म्हणजे काय विचार करा. चिरा थराथराने काढतात, त्यामुळे भिंतीला आपोआप पायऱ्या पडतात, आणि चिऱ्याचा एक थर साधारण वीतभर. म्हणजे एक थर उतरला की निळा, दोन थर एकदम उतरले की काळा. एकाच जागी, शेजारी शेजारी, उभं राहून डोळ्यांनी दिसतील असे. ज्याला एक थर जमला तो त्याच दिवशी शेजारचे दोन थर बघून ठरवेल. नवीन माणसाला अचानक काही समोर येणार नाही आणि तुम्हाला दोन वर्षं झुरायला पायरी मिळेल.

चिपळूणची_सायकल

मी येणार. एका थरापासून सुरू करते. पडल्यानंतर ड्रॉपकडे मी वळूनही बघितलं नाहीये, पण असं समोर दिसत असेल आणि बाजूने चालत जायला जागा असेल तर मला परत शिकायचंय.

सड्यावरची

खाण आधीच खणलेली आहे त्यामुळे माझीही हरकत नाही. फक्त दोन गोष्टी. जूननंतर खाणीत पाणी भरतं आणि तळ दिसत नाही, तेव्हा तिथे कोणीही जायचं नाही, वाट दोरी लावून बंद करायची. आणि दगडांच्या सांदीत हात घालू नका, सड्याच्या कडेला फुरसं असतंच, रंग मातीचाच, दिसत नाही.

दाभोळ_फेरी

सगळ्यात आधी मालकाची परवानगी. भाऊ हो म्हणाला म्हणजे झालं असं नाही. कोकणातली जमीन, सातबाऱ्यावर किती नावं असतील कोणास ठाऊक, उद्या कोणी पडला तर त्या माणसाच्या गळ्यात नको. सरळ भेटून बोला, काय करणार, काय नाही करणार, लिहून द्या.

कातळवाट

आज संध्याकाळी भावांना भेटून आलो. त्यांनी मुंबईला फोन लावून दिला. मालक म्हणाले शिमग्याला गावी येतोय, तेव्हा समोर बसून बोलू, तोवर बघून या पण सायकल घालू नका. तेच करायचं.

म्हणून या रविवारी सकाळी साडेसहाला देवळापाशी जमायचं, सायकली घरी ठेवून. टेप आणि चुना इंजिनीअर आणतील, कोणता थर कुठे किती उंच ते मोजून खुणा करू, आणि सड्यावरून खाणीपर्यंत जाणारी गुरांची वाट कुठून जाते ते सड्यावरची आपल्याला दाखवणार आहेत, सकाळच्या तिरप्या उन्हात कातळावर रेषाबिषा काही आहेत का तेही बघून घेऊ. नऊ वाजता काकूंकडे तिरका चिरा लावायला जाऊ. दोन माणसं लागतील उचलायला, मी एक आहे.

मालवणी_पेडल

दुसरो मी. शनिवारी रात्रीच येतंय.